तेलाचा हात

श्वास आत येतो, श्वास बाहेर जातो, एवढंच बघायचं, असं धोंडिरामकाकांनी बजावलं होतं, आणि सुगंधा सकाळी नऊच्या सुमारास डोळे मिटून तेवढंच बघत बसली होती, निदान बघत असल्याचं सोंग तरी करत होती, तेव्हा मोरीच्या जाळीतून पलीकडच्या खोलीतला आवाज आला. "अगो माज्या चेडवा, रडतंस कित्याक? झाला, झाला. आता पाय लांब कर बगू." आवाज तिच्या आईचा होता. त्यात शंका नव्हती, पंतनगरच्या या चाळीत असं ठसठशीत मालवणी बोलणारी दुसरी बाई नव्हती. पण तेहतीस वर्षं एका खोलीत राहून हा आवाज सुगंधानं कधी ऐकलेला नव्हता. तो सैल होता. त्यात हसू होतं, लाड होते, कशाचीच घाई नसल्यासारखा एक निवांतपणा होता. ही कोण बाई आहे, असं तिला क्षणभर खरोखर वाटलं. मग तान्ह्या पोरीचं रडणं थांबलं आणि ओल्या अंगावर तळहात आपटल्याचे चटचट आवाज येऊ लागले, आणि सुगंधाच्या पाठीतून, जिथं तिचं रोजचं दुखणं बिऱ्हाड करून होतं तिथून, एक सणक निघाली ती थेट जबड्यापर्यंत गेली. श्वास कुठं गेला तिला कळलं नाही. तिनं डोळे उघडले आणि समोरच्या फॉल लावायला आलेल्या साडीकडे असं बघितलं, की जणू सगळा गुन्हा त्या साडीचाच होता.

तिची आई शेवंती लोकांच्या तान्ह्या पोरांना तेल लावून न्हाऊ घालायची. आजी गावाला सुईण होती, तिच्याकडून हा हात आलेला. मोरीत पाटावर बसून पाय लांब सोडायचे, नडग्यांवर पोर आडवं घालायचं, आधी छाती, मग पोट, मग दोन्ही हातांची छातीवर अढी घालून सोडायची, तसंच पायांचं, मग पालथं घालून पाठ. घाटकोपरच्या पूर्वेला निम्मी पोरं तिच्या नडग्यांवरून गेलेली होती. रस्त्यात मिसरूड फुटलेली मुलं दिसली की ती सांगायची, ह्याका मी न्हावयलंय. पण तिचा एक नियम होता. स्वतःच्या चाळीतलं काम ती घ्यायची नाही. पार बेस्टच्या डेपोपलीकडे चालत जाईल, पण चाळीत नाही म्हणजे नाही. लोक म्हणत, तिला शेजारपाजाऱ्यांकडून काही घ्यायला आवडत नाही, मोठ्या मनाची बाई. सुगंधाही तसंच समजत आली होती. यंदा शेवंतीचे गुडघे गेले, आणि भिंतीपलीकडची नंदा बाळंत झाली, आणि नंदाची सासू हातापाया पडली, तेव्हा नियम मोडला. आज पहिला दिवस. मोरीची भिंत सामाईक आहे आणि वर जाळी आहे, हे एवढ्या वर्षांत शेवंतीच्या लक्षात आलंच असणार आणि म्हणूनच तो नियम होता, हे सुगंधाला आत्ता, या क्षणी कळत होतं, आणि कळण्याबरोबर तिच्या अंगाची आग आग होत होती.

कारण या घरात तिच्या वाट्याला आलेला आवाज निराळा होता. तो एका शब्दाचा होता: सांभाळ. उठताना सांभाळ, शिंकताना सांभाळ, हसताना सांभाळ. सुगंधाची हाडं जन्मापासून ठिसूळ. डोळ्यांतला पांढरा भाग निळसर, उंची आठ वर्षांच्या पोरीएवढी, मांड्या धनुष्यासारख्या वाकलेल्या, घरात बसल्या बसल्या सरकत फिरायचं आणि बाहेर गेलंच तर कुबड्या. एकदा खोकताना बरगडी गेली, एकदा झोपेत कूस बदलताना खांदा. ती सहा वर्षांची असताना मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी विद्यार्थ्यांना गोळा करून सांगितलं होतं, बघा, काचेची हाडं. तेव्हापासून सगळे तेच म्हणत, आणि तिला तो शब्द ऐकला की डोकं फिरायचं. काच एकदा फुटते आणि लोक ती केरात टाकून मोकळे होतात. हाडाला तशी सुटका नाही. ते फुटतं, जुळतं, वाकडं जुळतं, पुन्हा फुटायला तयार होतं. आणि मोडलेलं असतं तेव्हा तरी बरं असतं, प्लॅस्टर असतं, भेटायला माणसं येतात, ग्लुकोजची बिस्किटं आणतात, बिचारी किती सोसते म्हणतात. काहीच मोडलेलं नसतं आणि नुसतं दुखत असतं, मणक्यात, कमरेत, जुन्या जोडांत, सकाळपासून झोपेपर्यंत आणि झोपेतही, तेव्हा कोणी येत नाही. त्या दुखण्याला प्लॅस्टर नाही. आई विचारायची, मोडलाहा काय? नाही म्हटलं की सुटल्यासारखी भाजी चिरायला लागायची.

आणि हात. आईचा हात. सुगंधाला उचलायची वेळ आली की शेवंती चुलीवरचं पातेलं फडक्यानं धरावं तशी धरायची, अंतर ठेवून, तोंड फिरवून, काम झालं की झटकन सोडून द्यायची. लहानपणी सुगंधा रडली की ते हात नाहीसेच व्हायचे. आई उठून गॅलरीत जायची आणि कठड्याला धरून पाठमोरी उभी राहायची, आणि मिलमधून दमून आलेले बाबा येऊन पोरीजवळ बसायचे. सुगंधा चार-पाच वर्षांची असतानाच हुशार झाली. रडलं नाही तर आई खोलीत राहते, हे तिनं ताडलं आणि रडणं बंद केलं. प्लॅस्टर घालणारा माणूस एकदा मोडलेली मांडी ओढत होता आणि ही गप्प, तर तो म्हणाला, हिचं मोडलेलं नसणार, मोडलेलं असतं तर बोंब मारली असती. सगळे तिचं कौतुक करत. कसली समजूतदार पोर. समजूतदार कसली, लाचार होती ती, असं आता सुगंधाला वाटलं, आणि पलीकडे नंदाची पंधरा दिवसांची पोर बिनदिक्कत भोकाड पसरत होती, आणि तिची आई तिला हसत हसत दटावत होती, आणि हात तिच्या अंगावरून हलत नव्हते. पंधरा दिवसांच्या पोरीचा मत्सर. तेहतिसाव्या वर्षी. सुगंधाला स्वतःची किळस आली, आणि किळस आल्याचाही राग आला.

धोंडिरामकाकांना हे सांगायला हवं होतं. ते चाळीच्या टोकाच्या खोलीत राहत, महापालिकेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. लेथ मशीनवर उजव्या हाताची दोन बोटं गेली होती, आणि नसलेल्या बोटाचं नख वर्षानुवर्षं ठणकत राहिलं, तेव्हा त्यांनी विहारातल्या भंतेजींकडून आनापान शिकून घेतलं होतं. श्वास बघायचा, मग दुखणं बघायचं, ढकलायचं नाही, कवटाळायचं नाही. तीन महिन्यांपूर्वी ते आपणहून आले आणि म्हणाले, तू दात खाऊन शिवतेस, पोरी, मला गॅलरीतून दिसतं. त्यांना ते दिसलं म्हणून ती शिकायला तयार झाली, नाहीतर असल्या गोष्टींवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. सोमवारी आणि गुरुवारी ते येत आणि समोर मांडी घालून बसत. श्वासापर्यंत ठीक होतं. कधी कधी दुखण्याला खरंच कडा दिसायच्या, ते सगळीकडे नसून इथून इथपर्यंतच आहे असं कळायचं, आणि तेवढीही जागा पुष्कळ वाटायची. पण गेल्या सोमवारी काकांनी पुढचा धडा काढला. मैत्री. मनात म्हणायचं, माझं भलं होवो, मला सुख लाभो. आधी स्वतःशी मैत्री, मग घरच्यांशी, मग शेजाऱ्यांशी, सगळ्यात शेवटी दुश्मनाशी. सुगंधाचं टाळकं सटकलं होतं. या अंगाशी मैत्री? जे तिला शाळेत जाऊ देईना, बसमध्ये चढू देईना, जे शिंक आली तरी दगा देतं? तिनं आयुष्यभर त्याला मनात शिव्या दिल्या होत्या. मेल्या, मुडद्या, पुन्हा मोडलास.

"काका, माझा दुश्मन आणि मी एकाच अंगात राहतो," ती म्हणाली होती. "मी कुठून सुरू करू?"

धोंडिरामकाकांनी उरलेल्या तीन बोटांनी गुडघा खाजवला. मग म्हणाले, "मग बरंच हाय की. तुला लांब जायला नको."

तेव्हा ती हसली होती. आता हसू येत नव्हतं. पलीकडे पाण्याचा तांब्या वाजला, धुरीचा वास जाळीतून आला, ओवा आणि वावडिंग, आणि तिला आठवलं की रोज दहा वाजता हाच वास अंगाला घेऊन आई घरी येते. तिच्या लुगड्याला, दंडाला, नखांना हा वास असतो. लहानपणी सुगंधा त्या वासाची वाट बघायची. तो आईचा वास आहे असं तिला वाटायचं. तो दुसऱ्यांच्या पोरांचा होता. धडधाकट, गुबगुबीत, आपटली तरी न मोडणाऱ्या पोरांचा. सगळी माया आई तिकडे वाटून येत होती आणि इकडे रिकामे हात आणि सांभाळ. सुगंधाला काही फेकावंसं वाटलं, पण फेकण्यासाठी खांदा मागं न्यावा लागतो आणि तिचा खांदा तेवढा मागं जात नाही. रागानं भांडं आपटायचीसुद्धा जिला चोरी, तिनं राग ठेवायचा कुठं? तिनं साडीत सुई खुपसली आणि बसून राहिली.

शेवंती आली तेव्हा तिचे हात अजून तेलकट होते. दार ढकलून आत येता येता ती नंदाच्या पोरीबद्दल काहीतरी सांगत होती, जावळ केवढं आहे, डोळे बापासारखे आहेत, असं, त्याच सैल आवाजाच्या उरलेल्या शेपटानं. सुगंधाकडे बघितलं आणि आवाज मिटला. मोडलाहा काय, तिनं विचारलं.

"नाही. मला तेल लाव."

शेवंतीला ऐकू आलं नाही असं तिनं दाखवलं. पदर खोचला, स्टोव्हकडे वळली, तांदूळ निवडलेत का विचारलं. सुगंधानं पुन्हा म्हटलं, नंदाच्या पोरीला लावलंस तसं, पाठीला लाव, दुखतंय. तेव्हा शेवंती कसनुसं हसली आणि म्हणाली, "खुळावलंस काय गो? तुका तेल लावतत?" ती मग सांगू लागली की डॉक्टरांनी नको म्हटलंय, की लहानपणी पाळण्यातून पडल्यापासून, की तेव्हाच कानाला खडा लावला, की मोडलं तर आता गावाहून बाबांना कोण बोलावून आणणार. पाळण्याची गोष्ट सुगंधाला पाठ होती. बाराव्या दिवशी बारसं झालं, पाळण्यातून पडली, हात मोडला, तेव्हा कळलं हाडं कच्ची आहेत. चाळीतल्या सगळ्यांना पाठ होती. बाबा मिलच्या संपानंतर गावाला राहायला गेले तेव्हा तिथंही ती गोष्ट घेऊन गेले होते.

"बारा दिवसांचं पोर कूस तरी वळतं का, आई?" सुगंधा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "तू रोज बारा-बारा दिवसांची पोरं हाताळतेस. तूच सांग, पाळण्यातून पडतं?"

स्टोव्हला पिन मारता मारता शेवंतीचा हात थांबला. ती मागं वळली नाही. "पडणा नाय," ती म्हणाली.

मग ती खाली बसली, स्टोव्हकडेच तोंड करून, आणि सांगू लागली, मध्ये मध्ये थांबत, एखाद्या तिऱ्हाईत बाईची हकिकत सांगावी तशी. बारसं झालं त्या सकाळी तिनं आपल्या पोरीला पहिल्यांदा स्वतःच्या नडग्यांवर घेतलं. आजवर दुसऱ्यांची घेतलेली, आज आपली. हातांची अढी घातली आणि बारीकसं काहीतरी वाजलं. तिला वाटलं सांधा मोकळा झाला. पोर रडायला लागली. सुईण आईनं शिकवलं होतं, पोर रडतं म्हणजे अंग आखडलंय, आणखी चोळ. तिनं आणखी चोळलं. दुसऱ्या दिवशी पोर तेलाचा हात लागला की रडायला लागली, म्हणून दुसऱ्या दिवशी जास्त चोळलं. तिसऱ्या दिवशी दंड सुजला, तर तेल गरम करून चोळलं. पाचव्या दिवशी मांडी वाजली. इस्पितळात फोटो काढला तर चार ठिकाणी मोडलेलं. डॉक्टरनं विचारलं, पोरीला कोणी मारलं. तिच्या तोंडून पाळणा निघाला, आणि एकदा निघाला तो निघाला. नवऱ्यालाही तेच सांगितलं. दुसरं मूल तिनं होऊ दिलं नाही.

सुगंधाच्या कानशिलात घण पडत होते. चार दिवस. चार दिवस मोडलेल्या हाडावर हात चालत होता, आणि ती रडत होती, आणि रडत होती म्हणून आणखी चालत होता. तिच्या अंगाला ते आठवत असणार. तिला नाही, पण अंगाला. ज्या अंगाला ती मेल्या मुडद्या म्हणत आली, त्यानं ओरडून सांगितलं होतं, बारा दिवसांचं असताना, जेवढा जोर होता तेवढ्या जोरानं, आणि कोणी ऐकलं नव्हतं. नंतर तिनंच त्याचं तोंड बंद केलं. हे तिला एकदम असं दिसलं. पण आधी राग. राग अजून संपला नव्हता.

"आणि तरी तू रोज जातेस," ती म्हणाली. "मला हात लावायला घाबरतेस आणि गावभर पोरं चोळत फिरतेस. कशासाठी?"

"बगूक," शेवंती म्हणाली. "ह्या हातात काय वायट आसा काय, ता बगूक. तेहतीस वर्सां झाली. एकाचाव हाड मोडला नाय."

"डॉक्टरांनी सांगितलं होतं तुला. मी सहा वर्षांची होते. जन्मतःच आहे म्हणून."

"डॉक्टर सांगतत ता खरा आसात," शेवंती म्हणाली. "पण वाजला ता माज्या हातात."

यावर सुगंधा जे बोलली ते भिंतीपलीकडे नंदालाही ऐकू गेलं असेल. म्हणजे तिकडे प्रत्येक धडधाकट पोर तुला निर्दोष सोडतं, आणि उरते कोण, मी, मी एकटी नासकी. तू हात जपलेस, माझ्यापासून जपलेस. एकदा मोडलं म्हणून तेहतीस वर्षं तू मला वाळीत टाकलंस आणि वर सांभाळ, सांभाळ. मला नाही सांभाळायचं. मोडू दे. तशीही मोडतेच आहे, शिंकेनं मोडते, खोकल्यानं मोडते, त्यात तुझ्या हातानं एकदा मोडले तर कोणतं आभाळ कोसळणार होतं? ती बोलत राहिली, आणि बोलता बोलता तिला, सवय लागली होती म्हणून असेल, राग दिसू लागला. तो जबड्यात होता, मानेच्या मागं होता, छातीच्या मधोमध होता आणि गरम होता. तिनं त्याला हटकलं नाही. तीन महिन्यांत पहिल्यांदाच काहीतरी इतकं नीट दिसत होतं. आणि त्याच्या खाली, अगदी खाली, काही मोठं नव्हतंच. कोणाला शिक्षा करायची नव्हती, कोणाकडून माफी नको होती. एक हात हवा होता, भ्यायलेला नसलेला, आणि तसा मिळत नसेल तर भ्यायलेला चालेल. ते मागायला तिला इतकी वर्षं लाज वाटत होती. का वाटावी? दुसऱ्या कोणी, कोणत्याही पोरीनं हे मागितलं असतं तर सुगंधानं तिला जवळ घेतलं असतं.

ती बोलायची थांबली तेव्हा शेवंती उठून दाराकडे चालली होती. गॅलरीकडे. कठड्याकडे.

"आई, तिकडे जाऊ नको. इथं बस. हात आण."

शेवंती उंबऱ्यात थांबली. माका भ्या वाटता, ती म्हणाली. किती जोर लावायचा ते कळायचं नाही, म्हणाली, घाटकोपरातली सगळी पोरं जिनं हाताळली ती बाई. सुगंधा म्हणाली, "तुला कळायला नको. मी सांगते. मला कळतं." आणि हे म्हटल्यावर तिच्या लक्षात आलं की ते खरं आहे. हे अंग तिच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं, डॉक्टरला नाही, आईला नाही. कुठं काय जुळलेलं आहे, कुठं हात चालतो, कुठं नुसता वाराही नको. शिव्या देता देता ती त्याच्याशेजारीच बसून होती की.

शेवंती येऊन बसली. गुडघे वाजले. सुगंधानं झंपराची बाही वर सरकवली, दंडाचा वाकडा जुळलेला भाग उघडा केला आणि आईचं मनगट धरून तळवा त्यावर ठेवला. हात गरम होता, तेलानं बुळबुळीत होता. "नुसता ठेव," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "आता खाली घे, कोपराकडे. हलकं. आणखी थोडं चालेल. बस, एवढंच." शेवंतीनं श्वास धरून ठेवलेला होता, तो सोड म्हणून तिला सांगावं लागलं. हात दंडावरून कोपराकडे गेला, परत वर आला. पलीकडे नंदाची पोर झोपली असावी. सुगंधाच्या दंडात जुनी कळ उठली, ओळखीची, आणि तिच्याबरोबर पोटातून दुसरं काहीतरी उठलं, ज्याला ती चार-पाच वर्षांची असल्यापासून दाबत आली होती, आणि आज दाबायला जोर उरला नव्हता. तिच्या तोंडून हुंदका निघाला, मोठा, बेढब, आणि डोळ्यांतून पाणी.

शेवंतीचा हात झटक्यात उचलला गेला. "दुखला?"

नाही गं, काही नाही, हे सुगंधाच्या जिभेवर तयार होतं. इतक्या वर्षांची तयारी होती.

"हो, दुखतंय," ती म्हणाली, रडत, ओरडून. "खूप दुखतंय. हात काढू नको."

शेवंतीचा हात वीतभर वर, हवेत, थांबला. ती मुलीच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तो हात खाली आला, आणि पोर रडत होती तरी तिथंच राहिला, जोर न लावता.